शिसवाची पट्टी आणि जवसाचे तेल

मे महिन्यात नागपुरात गिटार हाती घेतली की मानेच्या कडेला पडद्यांची टोके बोटाला टोचतात. पावसाळ्यात ती टोचत नव्हती. वर्गात कारण विचारले तर उत्तर हमखास येते: उष्णतेने धातू प्रसरण पावला.

आपण हिशेब करून पाहू. पट्टीची रुंदी 50 मिलिमीटर धरली आणि तापमान 20 अंशांनी वाढले, तरी पडदा जेमतेम 0.02 मिलिमीटर वाढतो. बोटाला ते कळणारही नाही. पडदा लांबलेला नसतो, लाकूड आक्रसलेले असते. कोरड्या हवेत लाकडातील बाष्प निघून जाते आणि ते तंतूंच्या आडव्या दिशेने पाव ते अर्धा मिलिमीटर आक्रसू शकते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने मात्र फरक नगण्य असतो. म्हणूनच पडद्यांमधील अंतरे, आणि स्वर, फारसे बिघडत नाहीत.

ही अडचण पूर्वी नव्हती. युरोपातील जुन्या ल्यूटच्या मानेभोवती आतड्याच्या तातीचे पडदे बांधत. आपल्या सतारीचे पडदे तर आजही दोऱ्यानेच दांडीला बांधतात. गिटारमध्ये धातूचे पडदे खाचांत ठोकून बसवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा न आक्रसणारा धातू आणि आक्रसणारे लाकूड कायमचे एकत्र आले. पट्टीसाठी तारांच्या घर्षणाला पुरून उरेल असे कठीण लाकूड हवे होते. ते आबनूस आणि शिसव यांत मिळाले.

1960 नंतरच्या दशकात ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाले आणि गिटार बनवणारे भारतीय शिसवाकडे वळले. विदर्भाच्या पानझडी जंगलांतही आढळणारा हा वृक्ष सावकाश वाढतो. 1992 मध्ये ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. 2017 मध्ये डालबर्जिया ही सारी प्रजातीच नियंत्रणाखाली आली. 2019 मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली, पण वृक्ष काही वाढले नाहीत. हाती असलेली पट्टी जपणे हाच शहाणपणा आहे.

जपायची कशी? तारा सैल करून मऊ ब्रशने धूळ काढावी. मळ किंचित ओलसर फडक्याने पुसून पट्टी लगेच कोरडी करावी. मग जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब चोळावेत आणि पाच-दहा मिनिटांनी उरलेले सर्व तेल पुसून टाकावे. वर्षातून एक-दोनदा एवढे पुरे. वार्निश असलेल्या पट्टीला तेल लावू नये.

क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच हे तेल. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि या भागातील जवसाला युरोपातील रंग व लिनोलियमच्या कारखान्यांची वाट मोकळी झाली. कारण एकच: हे तेल 'सुकते'. त्यातील निम्म्याहून अधिक मेदाम्लात तीन दुहेरी बंध असतात. हवेतील ऑक्सिजन घेऊन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ पापुद्रा तयार होतो. तो बाष्पाची ये-जा थांबवत नाही, फक्त मंदावतो. म्हणून उन्हाळ्यात गिटार पेटीत, कूलर आणि उन्हापासून दूर ठेवावी.

दोन काचपट्ट्या घेऊन एकीवर जवसाचे आणि दुसरीवर खोबरेल तेल पातळ पसरावे. त्या काही दिवस उजेडात ठेवून रोज बोट लावून पाहावे. कोणते तेल चिकट होत जाते आणि कोणते तसेच राहते, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी.

एक खबरदारी मात्र विसरू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते. तेलाचे फडके चुरगाळून ठेवले तर ती आत कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात भिजवून मगच टाकावे.