द लॉस्ट डॉटर

आईपणातील द्विधा आणि अपराधभाव यांवरील इंग्रजी मानसनाट्यपट (२०२१). पटकथा व दिग्दर्शन मॅगी जिलेनहाल. अभिनेत्री म्हणून नावाजलेल्या जिलेनहाल यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला कथापट. इटालियन लेखिका एलेना फेरान्ते यांच्या ‘ला फिल्या ऑस्कुरा’ (२००६) या लहानशा कादंबरीवर तो आधारलेला आहे. टोपणनावाआड राहणाऱ्या फेरान्ते यांनी हक्क देताना एक अट घातली होती : दिग्दर्शन जिलेनहाल यांनीच करायचे, नाहीतर करार रद्द. कादंबरीतील लीडा मूळची नेपल्सची आणि सुटीही दक्षिण इटलीतली. पटकथेत ती इंग्लंडमध्ये वाढलेली, अमेरिकेत शिकवणारी झाली आणि किनारा ग्रीसचा झाला. चित्रीकरण स्पेत्सेस बेटावर झाले.

लीडा कारुसो (ऑलिव्हिया कोलमन) ही ४८ वर्षांची साहित्याची प्राध्यापक एकटीच सुटीवर आली आहे. न्यूयॉर्कमधील क्वीन्सहून आलेल्या एका गलबल्या गोतावळ्यातली तरुण आई नीना (डकोटा जॉन्सन) आणि तिची लहानगी एलेना यांच्यावरून तिची नजर हटत नाही. एलेना हरवते तेव्हा लीडाच तिला शोधून देते. तिची बाहुली मात्र गुपचूप आपल्या पिशवीत घालते. बाहुलीसाठी मुलगी आकांत करते, नीना मेटाकुटीला येते, सारे कुटुंब शोधाशोध करते. इकडे लीडा भाड्याच्या घरात बाहुलीला पुसते, तिच्यासाठी नवे कपडे आणते. असे का केले, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

मधूनमधून तिचे पूर्वायुष्य येते. तरुण लीडा (जेसी बकली) भाषांतराचे काम घेऊन बसली आहे आणि बियान्का व मार्था या दोन मुली तिला एक ओळ सलग वाचू देत नाहीत. आपली जपून ठेवलेली लहानपणची बाहुली ती बियान्काला देते. मुलगी तिच्यावर शाईने रेघोट्या मारते आणि लीडा ती खिडकीतून खाली फेकते. पुढे एका परिषदेत प्राध्यापक हार्डी (पीटर सार्सगार्ड) तिच्या कामाची वाखाणणी करतात, त्यांच्याशी संबंध जुळतो आणि ती घर सोडते. मुलींपासून ती तीन वर्षे दूर राहते. ते दिवस कसे गेले असे नीना विचारते, तेव्हा फार छान गेले असे ती डोळ्यांत पाणी आणून सांगते. परत आली तीही मुलींवाचून राहवेना म्हणून. त्याला ती त्याग म्हणत नाही, स्वार्थ म्हणते.

चित्रपटाचे वेगळेपण इथेच आहे. ‘वी नीड टू टॉक अबाउट केव्हिन’ (२०११) मध्ये आईच्या दुराव्याला मुलाचे क्रौर्य हे निमित्त मिळते, ‘टली’ (२०१८) मध्ये बाळंतपणानंतरची मानसिक अवस्था. लीडाला असे कोणतेच निमित्त दिलेले नाही. मुली चारचौघींसारख्या हट्टी आणि लाघवी आहेत, नवरा दुष्ट नाही, घर बरे चालले आहे. प्रेक्षकाने तिला क्षमा करावी अशी सोयच पटकथेने ठेवलेली नाही.

समीक्षेत या चित्रपटाला सर्रास ‘मातृत्वाच्या पश्चात्तापाचा’ म्हटले जाते. ते सैल आहे. इस्राएली समाजशास्त्रज्ञ ऑर्ना डोनाथ यांनी २३ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यावरून जर्मनीत मोठा वाद पेटला. आज जे कळते ते तेव्हा कळत असते तर आई झाला असता का, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या या स्त्रिया होत्या. ते उत्तर लीडा कधीच देत नाही. तिची जातकुळी ब्रिटिश मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट यांच्या १९४९ मधील निबंधातल्या आईशी जुळते. साध्यासुध्या आईलाही आपल्या बाळाचा राग का येतो याची अठरा कारणे त्यांनी तिथे दिली आहेत. सल लीडालाही आहे, पण तो आई झाल्याचा नव्हे. मुलींना टाकून गेल्याचा आणि त्या जाण्यात सुख मिळाल्याचा.

एलेन लुव्हार यांचा कॅमेरा चेहऱ्यांना इतका खेटून राहतो की समुद्रकिनाऱ्यावरही कोंडल्यासारखे वाटते. कोलमन आणि बकली यांनी एकमेकींची नक्कल न करता एकच व्यक्ती उभी केली आहे. नीनाच्या सासरच्या माणसांची दहशत मात्र थरारपटाची अपेक्षा वाढवून अर्धवट विरते. चित्रपटाचा हा कच्चा भाग आहे. बाहुली परत केल्यावर चिडलेली नीना लीडानेच भेट दिलेली टोपीची पिन तिच्या पोटात खुपसते, हा प्रसंग त्यामुळेच अधिक अनपेक्षित ठरतो.

व्हेनिस महोत्सवात (सप्टेंबर २०२१) पटकथेचे पारितोषिक मिळाले. ३१ डिसेंबर २०२१ रोजी चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. २०२२ च्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व पटकथा हे तिन्ही मान त्याने मिळवले. कोलमन, बकली आणि रूपांतरित पटकथेसाठी जिलेनहाल अशी तीन ऑस्कर नामांकनेही होती. त्यांपैकी एकही पारितोषिक पदरात पडले नाही.