घोडामैदान आणि खोगीरभरती

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकून कोलाडकडे निघाले, की रोहे तालुक्यातील खांब हे गाव लागते. दोन्ही अंगांना भातखाचरे, पावसाळ्यात पाय रुतेल अशी माती. हा घोड्याचा मुलूख नव्हे. मराठी घोडा पोसला गेला तो घाटावर, भीमेच्या काठी. ‘भीमथडी तट्टू’ हे नावच त्याचे गोत्र सांगते. तरीही अश्वविद्येचा एक अस्सल मराठी पाठ कोकणातच सापडतो. ह्याच रस्त्याने दक्षिणेस गेल्यावर चिपळूण येते. तेथे १६७० च्या दशकात शिवाजीमहाराजांचे लष्कर छावणीला होते. तेथील जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठविलेल्या पत्रात बराच भाग दाणावैरणीचा आहे. साठा बेताने वापरा, नाहीतर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. गवताजवळ विस्तव, दिवा, तंबाखू सांभाळा, उंदीर पेटती वात ओढून नेईल.

स्वारी शिकणे म्हणजे आधी घोडे जगविणे, हा ह्या पत्राचा मथितार्थ आम्ही मानतो. सभासदाच्या बखरीतील (१६९७) पागेची मांडणीही हेच सांगते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर बसे, बारगीर सरकारच्या. म्हणजे ज्याच्यापाशी घोडे घेण्याची ऐपत नव्हती, त्यालाही ही विद्या साधत असे.

असेच पोटासाठी शिकलेले कसब अमेरिकेच्या पश्चिमेकडील काऊबॉयपाशी होते. मेक्सिकोतील गुराख्यांकडून त्याने ते उचलले. लगाम एका हातात, कारण दुसऱ्या हाताला दोर हवा. आमच्या स्वाराचा दुसरा हात भाल्यासाठी मोकळा असे. पुढे मोकळ्या कुरणांना कुंपणे पडली, गुरे हाकण्याचे काम आक्रसले, तेव्हा त्या समाजाने ह्या कसबाला रिंगण दिले. क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांची संघटना १९४० मध्ये निघाली, ‘रेनिंग’ प्रकाराची १९६६ मध्ये. रेनिंगमध्ये स्वाराला वेगात गोल फेऱ्या, एकाएकी थांबणे, जागच्या जागी गिरकी असा ठरलेला क्रम करून दाखवावा लागतो. सत्तर गुणांपासून सुरुवात होते. सफाईला गुण वाढतात, ओढाताणीला घटतात. दुसऱ्या एका स्पर्धेत कळपातून एकच गाय वेगळी काढायची असते. कुरणावरचा रोजचा उद्योग असा परीक्षेचा विषय झाला.

आमच्याकडे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पागा मोडत गेल्या. बारगिराला ना रिंगण मिळाले, ना पंच. महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान १८८३ मध्ये उभे राहिले खरे. पण तेथे कसोटी वेगाची आणि प्रेक्षकांचे ध्यान पैजेवर. नेझ्याने मेख उचलण्याचा खेळ तेवढा लष्कराने जपला, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत त्यात भारताला सुवर्णपदकही मिळाले. ते कसब मराठी गावापर्यंत मात्र परतले नाही.

उरली ती भाषा. मांड, रपेट, चौखूर, लगाम हे शब्द आम्ही घोड्याला हात न लावता वापरतो. ‘घोडामैदान जवळच आहे’ असे परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणतो. ‘खोगीरभरती’चे उदाहरण तर फारच बोलके आहे. निरुपयोगी भरणा, हा तिचा आजचा अर्थ, पु. ल. देशपांडे यांनी आपल्या विनोदी लेखसंग्रहाला हेच नाव दिले. पण खोगिराच्या आतली भरती निरुपयोगी कधीच नव्हती. ती एका जागी गोळा झाली, की घोड्याची पाठ सोलवटते. शब्द टिकला आणि त्यामागची काळजी गेली, असा हा अर्थबदल आहे.

ती काळजी अजून जिवंत आहे, तीही रायगड जिल्ह्यातच. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात घोडेवाले माणसे वाहून नेतात. तेथील ऑलिंपिया मैदानावर घोड्यांच्या शर्यतीही होत आल्या आहेत. २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तेव्हा ह्या घोडेवाल्यांना आपल्या पोटाची चिंता पडली. हातरिक्षा ओढण्याच्या अमानुष कष्टांतून माणसे सुटावीत, ह्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. प्रश्न एवढाच, की घोडेवाल्यांचे काम आटले तर त्यांच्या कसबाला आपण रिंगण देणार, की आणखी एक वाक्प्रचार?