तेराव्यानंतरचा हिशेब

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यापर्यंत पैशाचे कोणी बोलत नाही. मग कपाटाच्या चाव्या, पासबुके, सिटी सर्व्हेचा उतारा बाहेर येतो. १५ ऑक्टोबर १९५३ पासून पुढे एकतीस वर्षे या कागदांत आणखी एकाची भर पडे. गेलेल्याच्या मिळकतीचा हिशेब सहा महिन्यांत सरकारला द्यावा लागे. हीच ती इस्टेट ड्युटी. आणली होती चिंतामणराव देशमुखांनी, म्हणजे आपल्याच माणसाने! मोठ्या इस्टेटी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात साचू नयेत, हा हेतू. तो मला आजही गैर वाटत नाही.

पण हा कायदा आमच्या नाशिकच्या वाड्यात शिरला की काय होई, ते पाहा. पुढच्या सोप्यात भाडेकरू, मागे मालकाचे बिऱ्हाड. भाडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेले. कर मात्र बाजारभावाने येणाऱ्या किमतीवर. सुरुवातीला इतरांना एक लाखापर्यंत सूट होती, एकत्र कुटुंबातल्या हिश्श्याला ५० हजारांपर्यंतच. पुढे राहत्या घराला सवलत मिळाली. खेड्यात सबंध घर माफ. दहा हजारांहून मोठ्या गावात एक लाखापर्यंतच, तेही मालक स्वतः राहत असेल तेवढ्याच भागाला.

मला खरे कुतूहल आहे ते वजावटीचे. अंत्यविधीचा खर्च धरला जाई, एक हजारापर्यंत. आश्रित मुलीबाळींच्या लग्नासाठी विमा वा ट्रस्ट करून वेगळ्या काढलेल्या पैशाला सूट होती, सुरुवातीला दर लग्नामागे पाच हजार. कर्जही वजा होई, पण त्याचा पुरता मोबदला पैशात किंवा पैशाच्या मोलात मिळालेला असला पाहिजे. म्हणजे डॉक्टरांचे थकलेले बिल वजा होई. मात्र तीन वर्षे उशाशी बसून ज्या सुनेने किंवा विधवा बहिणीने म्हाताऱ्याचे सगळे केले, तिच्या कष्टाचा हिशेबात रकानाच नव्हता.

बरे, म्हाताऱ्याने जाणीव ठेवून बहिणीला मृत्युपत्राने काही ठेवले, तर तेही करपात्र मिळकतीतच. जिवंतपणी बक्षीस दिले, तर त्यानंतर दोन वर्षे जगायला हवे. आधीच डोळे मिटले की ते बक्षीस पुन्हा हिशेबात. आणि गोदाकाठच्या धर्मशाळेच्या ट्रस्टला दान केले तर? तिथे सहाच महिने पुरत! आजारी माणसाने वर्षभर आधी लिहून दिलेले दान सुटे आणि सेवा करणाऱ्या बहिणीला त्याच दिवशी दिलेले सापडे. दानधर्माला माझा विरोध नाही. पण हा न्याय काही मला उमगत नाही.

वरच्या टप्प्यावर एकेकाळी ८५ टक्क्यांपर्यंत गेलेल्या या कराचे उत्पन्न जेमतेम वीस कोटी आणि वसुलीचा खर्च जास्त, असे सांगून अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंपुरता बंद केला.

सेवेचा रकाना त्यानंतर थोडासा उघडला तो प्राप्तिकरात. अपंग आश्रिताच्या उपचारावर, शुश्रूषेवर खर्च करणाऱ्याला कलम ८०डीडीखाली वजावट मिळू लागली. २०१५ च्या अर्थसंकल्पाने ती ७५ हजार आणि तीव्र अपंगत्वात सव्वा लाख केली. शुश्रूषा हा शब्द कायद्यात आहे, हे विशेष. पण वजावट खर्च करणाऱ्याला, झिजणाऱ्याला नव्हे. नुसत्या म्हातारपणाला तर नाहीच. २०२० साली आलेल्या नव्या करपद्धतीत ती मुळीच मिळत नाही.

राहता राहिला मुद्रांक. नाशिकरोडच्या छापखान्यामुळे तो तर आमच्या घरचाच विषय. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची बायको यांना बक्षीस दिले, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. बहीण या यादीत नाही. आणि सून? ती विधवा असेल, तर आहे. तिचा नवरा हयात असेल, तर नाही.