व्हिक्टर क्लेम्पेरर यांची दैनंदिनी : इतिहासाचे एक साधन

इ.स.पू. ५ व्या शतकात थ्युसिडिडीसने स्वतः अनुभवलेल्या युद्धाचा इतिहास लिहिला. तथापि समकालीन इतिहास आणि दैनंदिन नोंद ही भिन्न साधने होत. प्रस्तुत लेखात हा भेद व्हिक्टर क्लेम्पेरर (१८८१-१९६०) यांच्या दैनंदिनीच्या आधारे तपासला आहे.

ज्यू वंशाचे क्लेम्पेरर ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक होते. १९३५ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पत्नी एवा ज्यू नसल्यामुळे त्यांची हद्दपारी टळत राहिली. लिहिलेली पाने एवा पिर्ना येथील डॉक्टर मैत्रिणीकडे लपविण्यासाठी नेत. ती सापडली असती तर तिघांच्याही जिवावर बेतले असते.

१३ फेब्रुवारी १९४५ रोजी शहरातील उरलेल्या ज्यूंना हद्दपारीच्या नोटिसा पोहोचविण्याचे काम क्लेम्पेरर यांनाच करावे लागले. त्याच रात्री बॉम्बहल्ला झाला व त्या गोंधळात हे दांपत्य निसटले.

या नोंदींवर आधारित, नाझी भाषेची चिकित्सा करणारा 'एलटीआय' हा त्यांचा ग्रंथ १९४७ मध्ये आला. दैनंदिनी मात्र १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथकाराला युद्धाचा शेवट ठाऊक आहे, दैनंदिनीकाराला नाही. म्हणूनच दैनंदिनीत अफवा, भीती व आशा त्या त्या दिवसाच्या रूपात टिकून राहतात.

अर्थात, एका व्यक्तीची नोंद म्हणजे संपूर्ण समाजाचे चित्र नव्हे. ती अन्य साधनांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. मात्र शासकीय कागदपत्रांतून आदेश कळतो; तो घराच्या दारात कसा पोहोचला, हे दैनंदिनीच सांगते.