दावरांच्या दालनात

१८९७ साली लोकमान्यांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर दिनशा दावर. आणि १९०८ साली त्यांना सहा वर्षांची हद्दपारी ठोठावणारे न्यायमूर्तीही दावरच! त्या वेळी जीनांनी मांडलेला जामिनाचा अर्जही त्यांनी फेटाळला.

पुढे दावर ‘सर’ झाले. वकीलमंडळींनी खाना योजला. अशा न्यायाधीशाला मेजवानी देण्याची वकिलांना लाज वाटावी, असे जीनांनी फिरत्या पत्रकावरच लिहिले. दावरांनी त्यांना दालनात बोलावले. कोर्टात मी तुम्हांला कसा वागवतो? उत्तम, जीना म्हणाले; पण म्हणून टिळकांच्या खटल्याची चीड कशी गिळू? अवमानाचा बडगा न उगारता समोरासमोर विचारणारे दावरही मला येथे मोठे वाटतात.

ही हकीकत जीनांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या छगलांनी लिहून ठेवली. १९५६ साली, मुख्य न्यायाधीश असताना, त्यांनीच मुंबईच्या त्या न्यायालयात लोकमान्यांच्या उद्गारांचा फलक अनावृत केला.