नोम : उसन्या चिन्हांतली मायबोली

चिनी लिपीने पूर्व आशियाला अक्षरे दिली, असे आपण सहज म्हणून जातो. व्हिएतनामपुरते हे विधान आम्हाला अपुरे वाटते. तेथील 'नोम' लिपीत 'बा' म्हणजे 'तीन' हा देशी शब्द लिहिताना दोन चिनी चिन्हे जोडत. एक उच्चार सुचवी, दुसरे अर्थ. म्हणजे मायबोली लिहायची तर आधी चिनी अक्षरे शिकणे आले! न्गुयेन झू (१७६५-१८२०) यांनी 'कियू'ची ३२५४ चरणांची काव्यकथा याच लिपीत रचली. पुढे सतराव्या शतकात मिशनऱ्यांनी घडवलेली रोमन लिपीच विसाव्या शतकात रुजली. चिनी विद्येच्या राजपरीक्षा १९१९ मध्ये संपल्या. साक्षरता सुलभ झाली, हा लाभ मोठाच. मात्र 'कियू' मुखोद्गत असलेल्या रसिकालाही आज तिची जुनी नोम प्रत तज्ज्ञाकडून वाचून घ्यावी लागते.