कुलूप कोणाचें, किल्ली कोणाची?

गुप्तलिपीची विद्या फार जुनी आहे. वात्स्यायनानें चौसष्ट कलांच्या यादींत म्लेच्छितविकल्प या नांवानें तिची गणना केली आहे. आणि रोमचा जूलियस सीझर आपल्या खाजगी पत्रांतील प्रत्येक अक्षर तीन घरें सरकवून लिहीत असे, असें त्याचा चरित्रकार सांगतो. परंतु ही विद्या मुख्यत्वें राजवाड्यांत, वकिलातींत आणि लष्करी छावण्यांतच वाढली, व याचें कारण उघड आहे. पत्र कुलुपांत घालणारा आणि तें उघडणारा या दोघांपाशीं एकच किल्ली असावी लागे, आणि ती आगाऊ पोंचविण्यास विश्वासू जासूद लागे. ज्याच्या पदरीं जासूद आणि घोडे, त्यालाच गुपित परवडे. सामान्य गृहस्थाचें पत्र उघडेंच प्रवास करी.

ही स्थिति विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत पालटली, आणि ती पालटतांना अमेरिकेंत जो वाद माजला त्याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. हा वाद वरकरणीं तीन निरनिराळ्या प्रश्नांचा दिसतो : राष्ट्राच्या सुरक्षिततेचा, ग्रंथकर्त्यांच्या स्वामित्वहक्काचा, आणि घरोघरीं येऊन बसलेल्या नव्या यंत्रांच्या मालकीचा. कायदेपंडित या तिहींचा विचार तीन स्वतंत्र दालनांत बसून करतात. संगणकविद्येच्या हौशी अभ्यासकांनीं मात्र तिन्ही प्रश्न एकत्र लढविले, व तें त्यांनीं योग्यच केलें असें आमचें मत आहे. कारण तिहींच्या मुळाशीं एकच साधा प्रश्न आहे : वस्तु ज्याची, तिच्या कुलुपाची किल्ली त्याच्याच हातीं आहे कीं दुसऱ्याच्या?

१९७६ च्या नोव्हेंबरांत स्टॅनफर्ड विद्यापीठांतील व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. गुप्त किल्ली आगाऊ पोंचविण्याची मुळीं गरजच नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें. कल्पना अशी कीं, प्रत्येकानें असें एक कुलूप करावें, जें कोणालाही दाबून लावतां येईल, पण उघडण्याची किल्ली मात्र एकट्या धन्यापाशींच राहील. अशीं कुलपें चवाठ्यावर ठेवलीं तरी बिघडत नाहीं. ज्याला पत्र पाठवावयाचें असेल त्यानें तेथून एक उचलावें, पेटीला लावावें आणि पेटी खुशाल टपालांत टाकावी. पुढच्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनीं या कल्पनेस गणिताचें शरीर दिलें. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार करणें सोपें. पण गुणाकार हातीं देऊन त्या मूळसंख्या शोधून काढ म्हटलें तर संगणकही थकून जातो. या एका गोष्टीवर त्यांनीं आपलें कुलूप उभारलें.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, हीच युक्ति ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन खात्यांतील जेम्स एलिस याला १९७० च्या सुमारास सुचली होती, आणि १९७३ सालीं क्लिफर्ड कॉक्स यानें तिचें गणितही बसविलें होतें. पण तें सारें दप्तरांत बांधून ठेवण्यांत आलें. १९९७ च्या डिसेंबरांत तें जगापुढें मांडलें गेलें, तेव्हां एलिस वारून अवघे कांहीं आठवडे झाले होते. ब्रिटिश दप्तरांतील शोध निपचित पडून राहिला. कॅलिफोर्नियांतील शोध चारचौघांत मांडला गेल्यामुळें पारखला गेला, सुधारला गेला, आणि आज आपण घरबसल्या पेढीचा व्यवहार करतों तो त्याच्याच आधारावर.

अमेरिकन सरकारला मात्र ही प्रसिद्धि रुचली नाहीं. तेथील कायद्याप्रमाणें गुप्तलेखनाचीं साधनें युद्धसामग्रींत मोडत. तोफा व रणगाडे ज्या यादींत, त्याच यादींत गणिताच्या या आज्ञावलीही असत, आणि परवान्यावांचून त्या परदेशीं धाडणें हा अपराध ठरे. १९९१ च्या जून महिन्यांत कोलोरॅडो संस्थानांतील फिलिप झिमरमन या गृहस्थानें 'प्रेटी गुड प्रायव्हसी' नांवाची आज्ञावली तयार करून ती फुकट वाटून टाकली. झिमरमन अण्वस्त्रविरोधी चळवळींत वावरलेला. सरकारच्या डोळ्यांत सलणाऱ्या माणसाला आपलें पत्र झांकतां आलें पाहिजे, ही त्याची तळमळ. आज्ञावली पाहतां पाहतां समुद्रापलीकडे गेली, आणि १९९३ पासून त्याच्यामागें शस्त्रनिर्यातीची चौकशी लागली. ती जवळजवळ तीन वर्षें चालून १९९६ च्या जानेवारींत, कोणताही आरोप न ठेवतां, बंद झाली. मध्यंतरीं १९९५ सालीं त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेनें ती सबंध आज्ञावली पुस्तकरूपानें छापून काढली. पुस्तकाच्या निर्यातीला बंदी नव्हती! १९९७ सालीं यूरोपांतील हौशी मंडळींनीं नव्या आवृत्तीचीं अशींच छापील पानें एकामागून एक यंत्राकडून वाचून घेऊन आज्ञावली जशीच्या तशी पुन्हां उभी केली. जो मजकूर कागदावर विचार ठरतो तोच तबकडीवर दारूगोळा कसा ठरतो, हा प्रश्न विनोदी दिसला तरी विनोदाचा नव्हता.

त्याचें उत्तर न्यायासनाकडून मिळवावें म्हणून डॅनिएल बर्नस्टाईन या तरुण गणितज्ञानें १९९५ सालीं सरकारविरुद्ध फिर्याद केली. १९९६ मध्यें न्यायाधीश मॅरिलिन पटेल यांनीं निर्णय दिला कीं, आज्ञावलीचा मूळ मजकूर हें लेखनच होय आणि लेखनस्वातंत्र्याचें संरक्षण त्यास मिळालें पाहिजे. १९९९ च्या मे महिन्यांत वरिष्ठ न्यायालयाच्या तिघांपैकीं दोघां न्यायमूर्तींनीं हाच कौल दिला. त्याच्या फेरविचाराचें ठरलें होतें, पण तो होण्यापूर्वींच २००० च्या जानेवारींत सरकारनें निर्यातीचे निर्बंध पुष्कळसे सैल करून टाकले.

येथें सरकारच्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. चोर, खंडणीखोर आणि अत्याचारी यांनाही पत्रें लिहावींच लागतात. तीं वाचण्याचा मार्ग अजिबात बंद झाला तर समाजाचें रक्षण करणाऱ्यांनीं काय करावें? मुंबईकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाहीं. २००८ च्या नोव्हेंबरांत शहरावर हल्ला झाला तेव्हां हल्लेखोर सीमेपलीकडील सूत्रधारांच्या आज्ञा दूरध्वनीवर घेत होते, आणि तीं संभाषणें तपासखात्यानें ऐकलीं, हें सर्वश्रुत आहे. पुढें २०१० सालीं भारत सरकारनें ब्लॅकबेरी कंपनीस आपला गुप्त पत्रव्यवहार तपासास खुला करण्याविषयीं निर्वाणीची मुदत दिली, तिच्यामागें हीच चिंता होती.

अमेरिकन सरकारनें या चिंतेवर १९९३ च्या एप्रिलांत एक तोडगा काढला होता. 'क्लिपर' नांवाची एक चकती दूरध्वनियंत्रांत बसवावयाची. संभाषण परक्यांपासून सुरक्षित राहावें, पण प्रत्येक यंत्राची जादा किल्ली दोन तुकडे करून दोन सरकारी खात्यांपाशीं ठेवावी, व कायदेशीर हुकूम असेल तेव्हांच ते तुकडे जोडावे. योजना कागदावर सोज्वळ दिसते. पण १९९४ सालीं बेल प्रयोगशाळेंतील मॅट ब्लेझ यानें दाखवून दिलें कीं, सरकारी किल्ली निकामी करून तेंच कुलूप वापरणें एखाद्या हुशार माणसास शक्य आहे. म्हणजे ज्या लुच्च्यांसाठीं चोरवाट ठेवली ते निसटणार, आणि भोळ्या प्रामाणिकांच्या घराला तेवढी चोरवाट राहणार! दोनतीन वर्षांत ती योजना बारगळली.

याहून मोठा धडा दुबळ्या कुलपांचा आहे. परदेशीं धाडावयाच्या आज्ञावलींत ४० बिटांहून मोठी किल्ली नको, असा त्या काळीं दंडक होता. अशा किल्लीच्या शक्यता सुमारें १ लाख १० हजार कोटि होतात. हा आकडा माणसाला अफाट, पण यंत्राला किरकोळ. १९९५ च्या ऑगस्टांत दामियाँ दोलिजे या फ्रेंच संशोधकानें हातांतले संगणक कामाला लावून असें एक कुलूप आठ दिवसांत उघडून दाखविलें. दंडक गेला, पण त्याची विषवल्ली राहिली. २०१५ च्या मार्चांत असें उघडकीस आलें कीं, निर्यातीसाठीं केलेल्या त्या जुन्या दुबळ्या कुलपांचे अवशेष जगांतील असंख्य यंत्रांत अद्याप पडून आहेत, आणि लबाड मध्यस्थ दोन्ही बाजूंस फसवून तेंच कुलूप लावावयास भाग पाडूं शकतो. संशोधकांनीं प्रात्यक्षिकासाठीं निवडलें तें संकेतस्थळ होतें खुद्द अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचें. परक्यांसाठीं खणलेला खड्डा वीस वर्षांनीं घरच्याच अंगणांत सांपडला.

आतां स्वामित्वहक्काकडे वळूं. येथें देखावा उलटा होतो. काल कुलपांचा कैवार घेणारी मंडळी येथें कुलपें फोडूं लागतात, म्हणून त्यांच्यावर विसंगतीचा आरोप येतो. १९९८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें कायदा केला कीं, स्वामित्वहक्काच्या रक्षणार्थ घातलेलें कुलूप फोडणें आणि तें फोडण्याचें साधन पुरविणें हेच मुळांत बेकायदेशीर. चित्रपटांच्या डीव्हीडीवर असें कुलूप असे. त्याचीही किल्ली ४० बिटांचीच. १९९९ मध्यें नॉर्वेंतील पंधरा वर्षांच्या योन योहान्सेन यानें आपल्या साथीदारांसह तें उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. पैसे देऊन विकत घेतलेली चकती आपल्या पसंतीच्या संगणकावर पाहतां यावी, असा त्याचा पक्ष होता. नॉर्वेच्या न्यायालयांनीं २००३ सालीं त्यास दोनदां निर्दोष ठरविलें. न्यूयॉर्कांत मात्र २००० सालीं ती आज्ञावली छापणाऱ्या मासिकाविरुद्ध निकाल लागला, आणि वरिष्ठ न्यायालयानें म्हटलें कीं, आज्ञावली हें लेखन खरें, पण तें हत्यारही आहे. लगेच हौशी मंडळींनीं तीच आज्ञावली सदऱ्यावर छापली, पद्यांत गुंफली, आणि एकानें तर ती एका प्रचंड मूळसंख्येंत दडवून ठेवली : आतां संख्येवर बंदी घाला!

यांतील खोडसाळपणा वगळला तरी प्रश्न उरतो. लेखकाला त्याच्या श्रमाचें मोल मिळालेंच पाहिजे. दुसऱ्याचें पुस्तक चोरून छापणें ही चोरीच आहे, आणि हौशी मंडळींपैकीं पुष्कळांनीं या चोरीकडे फार सोईस्कर डोळेझांक केली, हा त्यांचा दोष निखालस आहे. परंतु चोरीला शिक्षा करणें वेगळें आणि कुलपाची परीक्षा करण्याला शिक्षा करणें वेगळें. २००१ च्या जुलैंत द्मित्री स्क्ल्यारोव्ह हा रशियन अभ्यासक लास व्हेगास येथें पुस्तकांच्या अशा कुलपांतील उणीवांवर व्याख्यान देऊन निघाला, तों त्यास अटक झाली. पुढें त्याच्या कंपनीवर खटला चालून २००२ च्या डिसेंबरांत पंचांनीं तिला निर्दोष ठरविलें. पण कुलपें तपासणाऱ्या विद्वानांच्या मनांत भीति बसली ती बसलीच. आपल्या देशानें २०१२ च्या सुधारणेंत या बाबतींत अधिक विवेक दाखविला. हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप फोडणारासच येथें शिक्षा आहे, आणि गुप्तलेखनाच्या संशोधनास स्पष्ट मोकळीक आहे.

कुलूप धन्याविरुद्धच लागूं लागलें म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें पुरेत. २००५ सालीं सोनी बीएमजी कंपनीच्या कांहीं गाण्यांच्या तबकड्यांनीं नक्कल रोखण्याकरितां श्रोत्याच्या संगणकांत एक आज्ञावली त्याला न कळूं देतां दडवून ठेवली. त्याच लपणींत पुढें चोरट्या आज्ञावलींनीं आसरा घेतला, आणि तबकड्या परत घ्याव्या लागल्या. २००९ च्या जुलैंत ॲमेझॉननें, विकणाऱ्याला हक्क नव्हता म्हणून, वाचकांच्या किंडल यंत्रांतून विकत दिलेलीं पुस्तकें दुरूनच पुसून टाकलीं. पैसे परत केले, पुढें क्षमाही मागितली. तीं पुस्तकें होतीं जॉर्ज ऑर्वेलचीं, आणि त्यांत '१९८४' हें एक होतें. आपल्या फडताळांतील ग्रंथ दुकानदार रात्रीं येऊन घेऊन जातो, हें कोणता गृहस्थ खपवून घेईल?

म्हणून विसंगतीचा आरोप आम्हांस टिकाऊ वाटत नाहीं. पत्राचें कुलूप हवें, कारण त्याची किल्ली पत्र लिहिणाराच्या व वाचणाराच्या हातीं असते; विकत घेतलेल्या यंत्राचें कुलूप नको, कारण त्याची किल्ली विकणारानें आपल्या कनवटीला ठेवलेली असते. हौशी मंडळींचें चुकलें तें अन्यत्र. गणित आपलें रक्षण करील असा त्यांचा भरंवसा होता. पण लोक थोड्या सोईसाठीं आपण होऊन किल्ल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या स्वाधीन करतील, हें त्यांना दिसलें नाहीं. २०१३ सालीं एडवर्ड स्नोडेन यानें सरकारी टेहळणीचे कागद उघड केले तेव्हां कळलें कीं, पुष्कळ ठिकाणीं कुलूप फोडावेंच लागलें नव्हतें; कंपन्यांपाशीं सांठलेला मजकूर मागून घेतला जात होता.

वाद अद्याप संपलेला नाहीं, व लौकर संपेल असें चिन्हही नाहीं. रक्षणाची जबाबदारी असलेलें सरकार किल्ली मागतच राहणार, आणि त्याची गरज पुष्कळदां खरी असणार. पण चांगल्यांसाठींच उघडणारी चोरवाट अजून कोणास बांधतां आलेली नाहीं, एवढें या इतिहासावरून निश्चित दिसतें. घरांत नवें यंत्र येतें तेव्हां आपण किंमत विचारतों, टिकाऊपणा विचारतों. त्याची किल्ली कोणापाशीं राहणार, हेंही सुबुद्ध कुटुंबांनीं दुकानदाराला विचारावें आणि आपल्या प्रतिनिधींनाही विचारावें. कारण त्या पेटींत आतां आपलीं पत्रें आहेत, मुलांचीं चित्रें आहेत, पैसा आहे, आणि आपण काय वाचतों याची नोंदही आहे.